सुरुवात सोमवारच्या अंकापासून करा: सुरक्षा समिती आणि स्थानिक पत्रकार

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात तीस-पस्तीस जणांची नागरिक सुरक्षा समिती आहे, पोलीस ठाण्याशी संबंध चांगले आहेत, रात्रीची गस्त सुरू आहे. उद्घाटनाची बातमी चार पेपरांत फोटोसह आली, पण पुढच्या सहा महिन्यांत एक ओळ नाही. पेपर, केबल, रेडिओ आणि मोबाइलवरची न्यूज पोर्टलं यांना गुन्हे रोखण्याच्या कामात कायमचं सोबत कसं घ्यायचं?

उद्घाटनाच्या बातमीत वाचकाच्या कामाचं काहीच नव्हतं. पाहुणे कोण, फीत कुणी कापली आणि शेवटी ‘आदी उपस्थित होते’. अशी बातमी ओळखीपोटी एकदा छापतात. दुसऱ्यांदा छापायला पत्रकाराकडे कारण हवं, आणि ते कारण पुरवणं समितीच्या हातात आहे. तीन गोष्टी ठरल्या की भागीदारी उभी राहते: दर आठवड्याला ठरलेल्या वेळी पोलिसांकडून तपासून घेतलेली एक माहिती द्यायची, काय छापायचं नाही हे आधीच बोलून ठेवायचं, आणि अफवा उठलेल्या रात्री कुणी कुणाला फोन करायचा हे पक्कं करायचं. सत्कार, स्मृतिचिन्ह, संयुक्त बॅनर नसले तरी चालतं.

पत्रकाराचा दिवस कसा जातो

तालुका प्रतिनिधी हा बहुतेक वेळा पूर्णवेळ नोकर नसतो. मानधन तुटपुंजं, जोडीला शेती, दुकान किंवा झेरॉक्सचं सेंटर, आणि उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातीच्या कमिशनचा. सकाळी पोलीस ठाण्याची प्रेसनोट, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी पाच-सहाच्या आत बातम्या जिल्हा कार्यालयाला. त्यानंतर गेलेली बातमी डाक आवृत्तीत (बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर छापल्या जाणाऱ्या अंकात) बसत नाही, उशिरा छापल्या जाणाऱ्या शहर आवृत्तीत बसली तर बसली. रात्री आठला समितीची बैठक घेऊन साडेनऊला फोटो पाठवणाऱ्यांनी ‘आमचं छापत नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही.

यातली एक फट मात्र आपल्या फायद्याची आहे. रविवारी सरकारी कार्यालयं बंद असतात, सभा-आंदोलनंही कमी, त्यामुळे सोमवारच्या तालुका पानाला मजकुराची टंचाई असते. रविवारी दुपारी बाराच्या आत पोचलेली नीट लिहिलेली बातमी सोमवारी लागण्याची शक्यता इतर वारांपेक्षा बरीच जास्त. म्हणून साप्ताहिक माहितीचा दिवस रविवार ठेवा आणि तो कधी चुकवू नका. चार रविवार ओळीनं बातमी आली की पाचव्या रविवारी प्रतिनिधी स्वतःहून विचारतो, ‘आज काय आहे?’

स्थानिक साप्ताहिकाचं गणित निराळं. ते ठरलेल्या वारी निघतं, मजकूर दोन दिवस आधी लागतो, पण जागा भरपूर असते आणि अंक घरात आठवडाभर पडून राहतो. चोरीच्या पद्धती समजावून सांगणारा चारशे शब्दांचा मजकूर दैनिकात मावणार नाही, तो साप्ताहिकाला द्या.

आणखी एक भान ठेवा. दिवाळीत दैनिकांच्या अंकाला सुट्टी असते आणि बंद घरं फुटण्याचाही तोच हंगाम. त्यामुळे ‘गावाला जाताना काय कराल’ ही माहिती वसुबारसेच्या आठवडाभर आधीच छापून यायला हवी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाठवलेली बातमी लोक परत आल्यावर वाचतात, म्हणजे कुलूप तुटल्यानंतर.

रविवारची बातमी कशी लिहायची

समित्यांकडून येणारा मजकूर साधारण असा असतो:

‘शहरातील वाढत्या चोऱ्यांच्या पार्श्वभूमीवर नागरिकांनी सतर्क राहावे, अनोळखी व्यक्तींपासून सावध राहावे व पोलीस प्रशासनास सहकार्य करावे, असे आवाहन समितीच्या वतीने करण्यात आले आहे.’

यात वाचकानं नेमकं काय करायचं? सतर्क राहायचं म्हणजे कधी, कुठं, कुणाशी? आता हेच पाहा:

‘बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान एकट्या निघालेल्या वयस्कर महिलांना मोटारसायकलवरून आलेले दोघे थांबवतात. आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झाला आहे, तपासणी सुरू आहे, दागिने काढून रुमालात बांधा, असे सांगतात. गाठ स्वतःच मारून देतात. घरी जाऊन रुमाल सोडल्यावर आत खडे निघतात. पोलीस रस्त्यात कोणालाही दागिने काढून ठेवायला सांगत नाहीत. असे कोणी सांगितल्यास दागिन्यांना हात न लावता जवळच्या दुकानात जावे आणि ११२ क्रमांकावर फोन करावा.’

पन्नास-पाऊणशे शब्दांचाच मजकूर, पण दिवस आहे, वेळ आहे, भामट्याच्या तोंडचं वाक्य आहे आणि वाचणाऱ्यानं करायची एकच कृती आहे. भामट्याचं वाक्य जसंच्या तसं छापून येणं फार मोलाचं असतं. वर्णन लक्षात राहत नाही, वाक्य राहतं. महिनाभरानं रस्त्यात कुणी ‘पुढे खून झालाय’ म्हणालं की त्या आजींना पेपर आठवतो. एका बातमीत एकच पद्धत, एकच कृती आणि एकच क्रमांक. सायबर फसवणूक असेल तर १९३०, बाकी सगळ्याला ११२. ठाण्याचा लँडलाइन, बीट अंमलदाराचा मोबाइल, समितीच्या तीन पदाधिकाऱ्यांचे नंबर असे सहा क्रमांक दिले की घाबरलेला माणूस एकही लावत नाही.

विषय हंगामाप्रमाणे निवडा, ते वर्षभर पुरतात. लग्नसराईत मंगल कार्यालयातून आहेराची किंवा दागिन्यांची बॅग उचलणारी चांगल्या कपड्यांतली मुलं. जत्रेत गळ्यातल्या साखळ्या. शेतात पिकाला पाणी चालू असण्याच्या दिवसांत विहिरीवरचे वीजपंप, केबल आणि डीपीतलं (विजेच्या रोहित्रातलं) तांबं. मे महिन्यात आणि दिवाळीत बंद घरं. पगाराच्या आणि अनुदानाच्या तारखांना एटीएमवर ‘मदत करतो’ म्हणून कार्ड बदलणारे. वर्षभर चालणारे ‘डिजिटल अरेस्ट’चे, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून ‘तुम्हाला अटक झाली आहे’ म्हणत पैसे उकळणारे व्हिडिओ कॉल. या शेवटच्या विषयात सांगायची ओळ एकच आहे: व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासाभरात १९३० ला कळवलं तर ते पुढच्या खात्यांत गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मजकूर पोलीस निरीक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला दाखवूनच पाठवायचा. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘ठीक’ असं उत्तर आल्यावरच पुढे न्या. ही पायरी एकदा गाळली आणि माहिती चुकीची निघाली तर वर्षभराची पत जाते. पाठवताना टाइप केलेला युनिकोड मजकूर द्या. पीडीएफ किंवा लेटरहेडचा फोटो पाठवला तर प्रतिनिधीला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, आणि तो ते करत नाही. सोबत एक आडवा फोटो, व्यासपीठाचा नको. फुटलेला कोयंडा, मजबूत कडी, एटीएमच्या दारावरची सूचना असं काहीतरी. सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. एका पेपरला आधी दिलं की बाकीचे तीन कायमचे तुटतात, आणि तालुक्याच्या गावात हा राग वर्षानुवर्षं टिकतो.

काय छापू नये, हे आधी बोला

समित्या ही गोष्ट शेवटी ढकलतात, आणि नुकसान मात्र इथंच होतं.

घरफोडीची नेहमीची बातमी आठवा: फिर्यादीचं पूर्ण नाव, गल्ली, ‘कुटुंबासह परगावी गेले असता’, बारा तोळे सोनं आणि रोख इतकी. त्यातून काही चोरांच्या हाती न लागता राहिलं असेल तर ‘सुदैवाने लॉकरमधील ऐवज वाचला’ हेही. वाचकाला ही माहिती कशाला हवी? त्या घरात अजून काय आहे आणि ते लोक कधी नसतात, हे मात्र साऱ्या तालुक्याला कळतं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव येतं म्हणून पेपरात येतं. विनंती दोन्हीकडे करा: ठाण्यानं प्रेसनोटमध्ये गल्लीऐवजी परिसर लिहावा, पेपरनं फिर्यादीचं नाव गाळावं. त्याऐवजी वाचकाच्या कामाची गोष्ट छापावी: दुपारी की रात्री, पुढचं दार की मागचं, कुलूप दिसत होतं की आतून कडी होती. कुलूप कसं तोडलं, कोणतं हत्यार कुठं लावलं, हे मात्र नको. गस्तीच्या वेळा, कॅमेरे नसलेले चौक, साक्षीदाराचं नाव हेही नको.

काही बाबतींत विनंती करायची वेळच येत नाही, कायदाच सांगतो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बालकांबाबत पॉक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ लागू होतं. दुसऱ्यात पीडित बालकाबरोबरच साक्षीदार आणि आरोप असलेलं बालकही येतं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. लहान गावात ‘अमुक वस्तीवरील नववीत शिकणारी मुलगी, वडील एसटीत चालक’ एवढं लिहिलं की नाव छापल्यासारखंच आहे. समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी असं टाकलं तर तेही यातून सुटत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत पत्रकारांना सांगण्याआधी आपल्या तीस-पस्तीस जणांना सांगा. पत्रकारांना बहुतेकदा हे ठाऊक असतं, गोंधळ आपल्याच ग्रुपवर होतो.

सीसीटीव्हीचं फुटेज हा सध्याचा सर्वांत मोठा घोळ. चोरी झाली की तासाभरात दुकानदार फुटेज ग्रुपवर टाकतो, पोर्टल ते उचलतं, वर लाल अक्षरांत ‘हाच तो चोर’. यात तीन तोटे आहेत. पुढे ओळख परेड (साक्षीदारानं अनेकांतून संशयित ओळखायचा) घ्यायची वेळ आली तर बचाव पक्ष म्हणतो की साक्षीदारानं चेहरा आधीच मोबाइलवर पाहिला होता, आणि पुराव्याचं वजन घटतं. दुसरं, संशयिताला कळतं की आपण टिपले गेलो, तो जिल्हा सोडतो. तिसरं, तो माणूस भलताच निघाला तर बदनामीचा दावा फुटेज टाकणाऱ्यावर आणि दाखवणाऱ्यावर दोघांवरही येऊ शकतो, आणि त्याआधी त्याला चौकात मार बसलेला असू शकतो. फुटेज आधी तपास अधिकाऱ्याकडे, मूळ प्रत पेनड्राइव्हवर, डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) घड्याळात आणि खऱ्या वेळेत किती मिनिटांचा फरक आहे त्याच्या नोंदीसह. पोलिसांनाच चेहरा प्रसिद्ध करायचा असेल तर ते स्वतः देतील. तेव्हाही ओळ ‘या व्यक्तीकडे चौकशी करायची आहे’ अशीच असावी.

आणि जात. ‘अमुक समाजाची टोळी सक्रिय’ ही ओळ छापायला सोपी असते, तिची किंमत भलतेच लोक मोजतात. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा केला. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो रद्द केला, पण गावाच्या बोलण्यातून तो अजून पुरता गेलेला नाही. समितीच्या कुठल्याही मजकुरात समाजाचं नाव येणार नाही हा नियम समितीनं स्वतःला लावून घ्यावा, आणि पत्रकारांनाही तो पाळायला सांगावा. चोरीची पद्धत सांगायला जातीची गरज लागत नाही, हे वरच्या नमुन्यात दिसतंच.

एवढं सगळं मागताना एक गोष्ट मागू नका: पोलिसांवर टीका करणारी बातमी थांबवा, ही. ‘आपण सोबत काम करतो ना’ म्हणत समितीचे लोक हे हमखास बोलून बसतात. जो पेपर ठाण्याच्या चुका छापत नाही, त्यातली ठाण्याची सूचनाही लोक खरी मानत नाहीत. बातमी थोडा वेळ रोखण्याची विनंती फक्त जिवाला धोका असेल तेव्हा, म्हणजे अपहरण झालेलं मूल अजून सुटलं नसेल किंवा छापा चालू असेल तेव्हा करायची, तीही पोलीस अधिकाऱ्यानं स्वतः आणि किती तासांसाठी ते सांगून. वर्षात एक-दोनदा केलेली विनंती मानली जाते. दर आठवड्याला केली तर कुणी फोन उचलत नाही.

अफवेची रात्र

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे मंगळवेढ्याकडचे लोक होते. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं टाळेबंदीच्या काळात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी आकाशात ड्रोन दिसतात म्हणून रात्री जागून काढल्या. अफवा घटनेच्या दिवशी जन्मत नाही, ती आधीच मोबाइलवरून फिरत असते. त्या दिवसांत खरी माहिती ठसठशीतपणे पोचवणं हेच गुन्हा रोखणं, आणि स्थानिक माध्यमांची खरी गरज इथं लागते.

व्यवस्था आधी करून ठेवायची. एक छोटा ग्रुप: पोलीस निरीक्षक किंवा दुय्यम अधिकारी, ठाणे अंमलदाराचा (ठाण्यात त्या वेळी ड्यूटीवर असलेल्याचा) मोबाइल, समितीचे दोघं, आणि गावातल्या प्रत्येक पेपर-केबल-पोर्टलचा एकेक माणूस. पंधरा-वीस जणांच्या वर नको. सुप्रभात, वाढदिवस, निवडणूक यांतलं काहीही त्यावर येऊ द्यायचं नाही. नियम एकच: ऐकलेली गोष्ट या ग्रुपवर विचारायची, दुसरीकडे टाकायची नाही.

समजा रात्री नऊला ‘बायपासला पांढऱ्या गाडीतून मुलं उचलली’ असा मेसेज फिरू लागला. पंधरा मिनिटांत समितीचा माणूस ठाणे अंमलदाराला विचारतो. अर्ध्या तासात ग्रुपवर पहिली ओळ यायला हवी, उत्तर पूर्ण नसलं तरी: ‘बायपासला पोलीस गाडी पोचली आहे, मूल हरवल्याची तक्रार ठाण्यात आलेली नाही, पुढची माहिती दहाला.’ ‘तपास सुरू आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये’ एवढंच टाकून गप्प बसू नका. ती ओळ लोकांनी इतक्यांदा वाचली आहे की ती आली म्हणजे नक्की काहीतरी आहे, असा अर्थ काढतात. दहाला निरीक्षकांच्या आवाजातली वीस-पंचवीस सेकंदांची ध्वनिफीत, तारीख आणि वेळ बोलून. लिहिलेल्या खुलाशापेक्षा ओळखीचा आवाज गावात लवकर पटतो, आणि तारीख नसलेला खुलासा पुढच्या वर्षी पुन्हा फिरून नवीच अफवा होतो. अफवेचा मूळ फोटो पुन्हा दाखवायचाच झाला तर त्यावर आडवं मोठ्या अक्षरांत ‘खोटे’ लिहूनच. शेजारी लिहू नका, लोक तेवढा भाग कापून पुढे पाठवतात. वाक्यही खऱ्या गोष्टीनं सुरू करा. ‘मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा’ असा मथळा वाचणाऱ्याच्या डोक्यात टोळीच उरते. ‘तालुक्यात एकही मूल बेपत्ता नाही’ हा मथळा चालतो.

सकाळचा पेपर निरुपयोगी झाला असं समजू नका. रात्रीचा ताप केबलच्या पट्टीनं आणि पोर्टलनं उतरतो, पण सकाळी चहाच्या टपरीवर वाद मिटवायला छापील कागद लागतो. त्यामुळे तो खुलासा रात्री अकराच्या आत शहर आवृत्तीला जाईल हे पाहा. गावाबाहेर पालं पडली असतील तर पोलीस पाटलाला ती माणसं कोण, कुठली हे बहुधा ठाऊक असतं. त्यानं ते गावाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं तर निम्मी भीती तिथंच जिरते. मुद्दाम खोटं पसरवणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली कारवाई होते, हे सांगायचं, पण खुलाशाच्या पहिल्या ओळीत नाही. धमकीनं सुरू झालेला खुलासा कुणी पुढे पाठवत नाही.

अशा रात्री ओळख करून घ्यायला वेळ नसतो. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि हिंदू-मुस्लिम रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेली भिवंडी शांत राहिली, कारण एकमेकांना फोन करणारी माणसं चार वर्षं आधीपासून एकत्र बसत होती.

केबल, रेडिओ, घंटागाडी

केबलवर बातमीपेक्षा खालची पट्टी मिळवा. बारा-पंधरा शब्द, दिवसभर फिरणारे. महिन्यात एकदा निरीक्षकांची पाच मिनिटांची मुलाखत पुरे, आणि ती कार्यालयात खुर्चीवर बसून नको. एटीएमपाशी उभं राहून कार्ड कसं बदललं जातं ते दाखवलं तर लोक पाहतात. पोर्टलला तोच व्हिडिओ उभा आणि तीस-चाळीस सेकंदांचा लागतो, म्हणून चित्रण करताना दोन्ही करून घ्या.

रेडिओबाबत एक नियम ठाऊक हवा. सामुदायिक रेडिओ आणि खासगी एफएम यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्याचीच मुभा आहे. म्हणजे ‘काल रात्री अमुक गल्लीत घरफोडी’ हे त्यांच्याकडे मागू नका. फसवणुकीच्या पद्धतीवरचा छोटा प्रसंग, बोलीतला संवाद, तज्ज्ञाशी गप्पा हे चालतं आणि ते जास्त परिणामकारकही असतं. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी असो किंवा विद्यापीठांची केंद्रं, अशा केंद्राचा पल्ला आसपासच्या गावांपुरता. त्यामुळे भाषा त्या पट्ट्यातली वापरा. एका मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा. सासू-सुनेच्या संवादातून ओटीपी समजावला की पुस्तकी सूचनेपेक्षा जास्त मुरतो. जळगाव, सांगली, रत्नागिरी, परभणी अशा ठिकाणी आकाशवाणीची केंद्रं आहेत. त्यांच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात पंप-केबल चोरीचा विषय सहज बसतो. पत्र मात्र तीन-चार आठवडे आधी द्या.

घंटागाडीला माध्यम म्हणून कुणी मोजत नाही, पण नगरपरिषदेनं परवानगी दिली तर रोज सकाळी प्रत्येक दारासमोर तीस सेकंद मिळतात, तेही घरातल्या बाईमाणसाच्या आणि म्हाताऱ्यांच्या कानावर. एकच ध्वनिफीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाजवू नका, नंतर ती गाण्यासारखी ऐकू येते आणि शब्द कानाआड होतात.

पैसा आणि प्रेसचा स्टिकर

काही महिन्यांत पेपरच्या वर्धापनदिनाची, १५ ऑगस्टची किंवा दिवाळीची जाहिरात मागितली जाईल. राग मानू नका, त्या माणसाचं पोट त्यावर आहे. उत्तर मात्र सगळ्यांना सारखं ठेवा: समिती जाहिरात देत नाही. एखाद्या व्यापाऱ्याला सुरक्षेचा संदेश स्वतःच्या जाहिरातीत द्यायचा असेल तर त्यानं थेट पेपरला द्यावा, बातमीशी त्याचा संबंध नाही. एकाला दिली, दुसऱ्याला नाही, की रविवारची बातमी बंद झालीच समजा.

गाडीवर प्रेस लिहिलेला प्रत्येक जण पत्रकार नसतो, काही जण समितीचं नाव वापरून दुकानदारांकडे पैसे मागतात. ग्रुपवर घेण्याआधी दैनिकाचं नेमणूकपत्र पाहा, साप्ताहिकाच्या अंकावर नोंदणी क्रमांक पाहा. पोर्टलच्या बाबतीत २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असायला हवं, ते पाहा. शंका असेल तर जिल्हा माहिती कार्यालयात विचारा.

पुरस्काराचा मोह टाळावा असं माझं मत. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत प्रसिद्धीसाठी पत्रकारांना पुरस्कार ठेवले होते. सरकारच्या राज्यव्यापी मोहिमेत ते शोभतं. गावच्या समितीनं केलं तर एकाला मिळतो आणि आठ जण नाराज होतात.

बक्षीस देऊन गुप्त माहिती मागवण्याची कल्पनाही कुणीतरी मांडेल. तिचं मूळ १९७६ चं अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातलं. एका पोलीस अधिकाऱ्यानं पेट्रोलपंपावरच्या न उलगडलेल्या खुनाचा प्रसंग स्थानिक टीव्हीवर पुन्हा घडवून दाखवला, बक्षीस जाहीर केलं, नाव विचारणार नाही असं सांगितलं आणि आलेल्या फोनवरून आरोपी सापडले. तिथून ‘क्राइम स्टॉपर्स’ उभं राहिलं. आपल्याकडे हे समितीच्या पातळीवर करू नये. नाव गुप्त राहील हे वचन पाळण्याची यंत्रणा समितीकडे नसते, आणि तालुक्याच्या गावात आवाजावरूनही माणूस ओळखतात. माहिती देणाऱ्याला पोलिसांकडेच पाठवा.

कधी सुरू करायचं, आणि चाललंय का हे कसं कळणार

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात ठाण्यांमध्ये कार्यक्रम असतात. ६ जानेवारी पत्रकार दिन. दोघं एकाच आठवड्यात मोकळ्या मनानं भेटतात. तासाभराची बैठक ठेवा, चहा-पोहे पुरेत. अजेंड्यावर चारच गोष्टी: रविवारची वेळ, न छापायच्या गोष्टींची अर्ध्या पानाची यादी, अफवेच्या रात्रीचा ग्रुप, आणि पोलिसांच्या वतीनं कोण बोलणार याचं एक नाव व एक पर्यायी नाव. पेपरवाले सही करणार नाहीत, मागूही नका. मालक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, प्रतिनिधीला तो अधिकार नसतो. ठरलेलं सगळं लिहून जिल्हा आवृत्तीच्या वृत्तसंपादकांना ईमेल करा. प्रतिनिधी बदलला, किंवा निरीक्षकांची बदली झाली (आणि ती होतेच), तर हाच कागद नव्या माणसाच्या हातात ठेवायचा.

पत्रकारांना त्याच बैठकीत सांगून ठेवा की पहिल्या काही महिन्यांत नोंदलेले गुन्हे वाढलेले दिसतील. आधी लाजेनं गप्प बसणारे लोक तक्रार द्यायला येतात, सायबर फसवणुकीत तर हमखास. हे आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये मथळा येतो: ‘समिती असूनही गुन्ह्यांत दुप्पट वाढ’. दुप्पट म्हणजे दोनाचे चार झाले, हे मथळ्यात मावत नाही. लहान गावाचे आकडे टक्केवारीत द्यायचेच नाहीत, संख्येत द्यायचे आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची.

किती बातम्या आल्या याची कात्रणवही ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावरून काही कळत नाही. ठाणे अंमलदाराला विनंती करून एका साध्या वहीत एक रकाना आखून घ्या. फसवणुकीची किंवा संशयाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं: ‘याबद्दल आधी कुठं वाचलं-ऐकलं होतं का?’ उत्तरासमोर पेपर, केबल, रेडिओ, मोबाइल, घंटागाडी, कुणीतरी सांगितलं, काहीच नाही, यांपैकी एक खूण. तीन महिन्यांनी वही उघडा. ‘काहीच नाही’ या खुणा ज्या वस्त्यांतून जास्त येतील, तिथं तुमचं कुठलंच माध्यम पोचत नाही. तिथल्या अंगणवाडी सेविकेला, रेशन दुकानदाराला आणि किराणावाल्याला पुढच्या रविवारपासून तोच मजकूर कागदावर छापून द्या, दुकानाच्या दाराला चिकटवण्यापुरत्या मोठ्या अक्षरांत.